पिकअप सुरू होण्यास वेळ का लावते?

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या दारात आता बैलगाडीच्या जागी पिकअप उभी असते. कोणाची महिंद्राची बोलेरो पिकअप, तर कोणाची टाटांची २००५ साली बाजारात आलेली ‘एस’, जिला सगळे ‘छोटा हाथी’ म्हणतात. कुंदगोळ-नवलगुंदच्या काळ्या रानातली मिरची, कांदा नि हरभरा, कलघटगीकडचे भात, धारवाडचा आंबा हा सारा माल हीच गाडी अमरगोळच्या बाजार आवारात पोहोचवते. रविवारी म्हाताऱ्या माणसांना मिस्साला तीच आणते. रात्री-अपरात्री कोणी बाळंतीण अडली किंवा कोणाला सर्प डसला, तर हुबळीच्या इस्पितळाची वाटही तीच धरते. अशी गाडी पहाटे कुरकुरत राहिली, तर नुसता बाजारच चुकतो असे नाही, प्रसंगी माणूसही हातचे जाते. म्हणून हा धडा आम्ही शेती व आरोग्य अशा दोन्ही अंगांनी मांडीत आहोत.

गाडी सुरू होईना की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे थंडीला दोष देणे आणि दुसरी म्हणजे नवी बॅटरी आणणे. पहिल्या गोष्टीचा आधी विचार करू. धारवाड-हुबळीचा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास, कधी थोडा खालीही उतरतो. पण युरोपात पाणी गोठते अशा थंडीतही डिझेल गाड्या रोज सुरू होतात. तेव्हा १५ अंशांना आपली गाडी अडत असेल, तर दोष थंडीचा नव्हे. दोष गाडीत आधीपासूनच होता, थंडीने तो फक्त उघड केला. बॅटरीचे खरे नुकसान तर एप्रिल-मेच्या उन्हात होते. उष्णतेने तिचे पाणी आटते, आतल्या पट्ट्या झिजतात आणि त्याची फळे हिवाळ्यात दिसतात.

दुसरी गोष्ट नव्या बॅटरीची. दोष न शोधता बॅटरी बदलणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता औषध देण्यासारखे आहे. कधी गुण येतो, पण पुष्कळदा पैसे जातात आणि आजार तसाच राहतो.

इंजिन पेट कसे घेते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वीपणे चालले. त्याचे तत्त्व आजही तेच आहे. सिलिंडरातली हवा एकदम दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडताच ते आपोआप पेटते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे इंजिन पेटायला दोन गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा जोराने फिरले पाहिजे आणि योग्य वेळी स्वच्छ डिझेल आत पडले पाहिजे. इंजिन सावकाश फिरले तर दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने निसटते, तिची उष्णता सिलिंडरच्या भिंतीत मुरते, आणि डिझेल पडूनही पेटत नाही. पूर्वी इंजिन हँडल मारून फिरवीत. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीपासून ते काम विजेच्या मोटरीकडे आले. तिलाच आपण ‘सेल्फ’ म्हणतो.

पहिला धडा: आधी कान द्या

बॉनेट उघडण्यापूर्वी शांतपणे एकदा सेल्फ मारा आणि ऐका.

(अ) इंजिन ‘घर्रर्... घर्रर्...’ असे जड, सावकाश फिरते, किंवा नुसते ‘टक्’ करून थांबते. याचा अर्थ सेल्फला पुरेशी वीज मिळत नाही, किंवा सेल्फच बिघडला आहे. डिझेल, फिल्टर, नोझल यांना हात लावू नका.

(आ) इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही. याचा अर्थ बॅटरी आणि सेल्फ ठीक आहेत. दोष डिझेलात, हवेत किंवा उष्णतेत आहे. नवी बॅटरी आणून काहीही साधणार नाही.

एवढा फरक ज्याला कळला त्याचा निम्मा खर्च वाचला. गॅरेजमध्ये गेल्यावरही मेस्त्रीला ‘गाडी सुरू होत नाही’ एवढेच न सांगता, ‘सावकाश फिरते’ की ‘फिरते पण पेटत नाही’ हे नेमके सांगावे.

एक पथ्य दोन्ही वेळी पाळा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांहून अधिक मारू नका, आणि पुन्हा मारण्यापूर्वी निदान अर्धा मिनिट थांबा. नाही तर सेल्फ तापून जळतो आणि एका दोषाचे दोन होतात.

(अ) इंजिन सावकाश फिरते तेव्हा

आपल्याकडे एक समजूत पक्की आहे, की दिवा लागतो आणि हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी व वायरिंग ठीक. ही समजूत चुकीची आहे, आणि का चुकीची ते साध्या हिशेबाने कळेल.

समोरचा एक दिवा सुमारे ५ अँपिअर वीज घेतो. डिझेल गाडीचा सेल्फ मात्र २०० ते ४०० अँपिअर ओढतो. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली आणि तिथे एका ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा निर्माण झाला. दिव्याच्या ५ अँपिअरला तिथे ०.०५ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून दिवा लखख दिसतो. पण सेल्फच्या ३०० अँपिअरला ढोबळ हिशेबाने ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बाराच्या बॅटरीतून तीन वाटेतच गेले, तर सेल्फला जोर कुठून येणार? पाटाला लहान भोक पडले तर एका वाफ्याला फरक जाणवत नाही. सारे रान एकदम भिजवायचे म्हटले की तुटवडा दिसतो, तसेच हे आहे.

म्हणून तपास पुढील क्रमाने करावा.

१. दिवा लावून सेल्फ मारा. कोणाला तरी समोर, पण बाजूला उभे करून दिव्याकडे पाहायला सांगा. दिवा अगदी मंद होऊन इंजिन जड फिरले, तर बॅटरी उतरली आहे किंवा सेल्फ आतून अडकून जास्त वीज ओढत आहे. दिवा तेजस्वीच राहिला आणि इंजिन मात्र फिरेना, तर वीज सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. दिवा एकदम विझला, तर बॅटरीचे टर्मिनल सैल आहे किंवा गंजले आहे.

२. टर्मिनल साफ करा. गाडी बंद करून किल्ली काढा. प्रथम ऋण, म्हणजे वजाची वायर सोडवा, मग अधिकची. हा क्रम उलटा केल्यास पाना गाडीच्या अंगाला लागून मोठी ठिणगी उडते. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून भुकटीवर ओता. बॅटरीची बुचे घट्ट बंद असू द्या, कारण सोडा आत जाता कामा नये. मग पाण्याने धुऊन पुसा आणि खांब व क्लॅम्प पॉलिश पेपरने शिसे चमकेपर्यंत घासा. जोडताना अधिक आधी, वजा शेवटी. वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्या.

३. अर्थची वायर पाहा. या कामी सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते इथे. बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला आणि सांगाड्यापासून इंजिनला जाणारी जाड वेणी चिखलाच्या बाजूला असते. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात तिथे लिंपली जाते, महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते, आणि बोल्टाखाली गंज चढतो. बोल्ट काढून दोन्ही बाजू घासा, वेणीचे धागे तुटले असतील तर ती बदला. नव्या बॅटरीच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो.

४. मीटर लावा. साधा मल्टिमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. चार शेजाऱ्यांनी मिळून एक घेतला तरी चालेल. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरीही तशी खाली गेली, तर ती थकली आहे किंवा सेल्फ फाजील वीज ओढत आहे. दुकानात लोड टेस्ट करून घेतली की कोणाचा दोष ते ठरते.

मग मीटरची एक तार बॅटरीच्या वजा खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर अर्थ खराब आहे हे निश्चित समजा.

५. सेल्फ. बॅटरी भरलेली, टर्मिनल व अर्थ स्वच्छ, आणि तरीही ‘टक्’ एवढाच आवाज येत असेल, तर सेल्फचे कार्बन ब्रश झिजले असतील, बुश ढिले होऊन आर्मेचर आत घासत असेल, किंवा सोलेनॉइडचे आतले तांबे जळले असेल. हे काम मेस्त्रीचे. मात्र संपूर्ण नवा सेल्फ घेण्याआधी ब्रश व बुश बदलून भागेल का, हे अवश्य विचारा.

६. इंजिनचे ऑइल. पुस्तिकेत सांगितलेल्यापेक्षा जाड ऑइल घातले असेल, तर पहाटे इंजिन जड फिरते. गाडीचे माहितीपुस्तक पाहूनच ऑइल घ्यावे.

बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर

संध्याकाळी ठीक असलेली बॅटरी सकाळी उतरते, याला दोन कारणे संभवतात. एक, डायनामो ती भरतच नाही. गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसल्यास पट्टा सैल आहे काय ते पाहा, मग डायनामो तपासा. गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढून डायनामोची ‘परीक्षा’ घेण्याची जुनी खोड मात्र सोडा. त्याने डायनामोचे डायोड जळतात, आणि नव्या गाड्यांतला संगणकही.

दोन, काहीतरी रात्रभर वीज खात आहे. टेप, मोबाइलचा चार्जर, मागच्या हौद्याचा दिवा. पुष्कळांच्या गाडीत पवित्र मरियेच्या तसबिरीजवळ लहान दिवा असतो. तो थेट बॅटरीवर जोडलेला असेल आणि अर्धा अँपिअर घेत असेल, तर आठवडाभर उभ्या गाडीतून तो ८४ अँपिअर-तास ओढू शकतो, म्हणजे पिकअपची सबंध बॅटरी. मातेवरील भक्ती कमी करावयाची नाही. दिवा किल्लीच्या वायरवर घ्यावा म्हणजे झाले. खात्रीसाठी एक रात्र वजाची वायर सोडून ठेवा. सकाळी गाडी झटक्यात सुरू झाली, तर वीज कुठेतरी गळते हे सिद्ध झाले.

(आ) इंजिन चांगले फिरते, पण पेटत नाही

इथे कानाऐवजी डोळ्यांनी काम करावे. सेल्फ मारताना धुराच्या नळीकडे पाहा. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत पडते आहे पण पेटत नाही. उष्णता कमी पडते आहे. धूर मुळीच नसेल, तर बहुधा डिझेल आत पोहोचतच नाही.

पांढरा धूर दिसला तर प्रथम हिटर पाहा. ज्या इंजिनांना हिटर प्लग असतात, त्यांत किल्ली फिरवल्यावर वेटोळ्याच्या चिन्हाचा दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबणे हेच पुष्कळदा औषध असते. थांबूनही गुण नसेल, तर मेस्त्रीकडून एकेक प्लग टेस्टरने तपासून घ्या. एक जळला तरी पहाटे इंजिन अडखळते. प्लग ठीक असतील तर हवेचा फिल्टर मातीने भरला आहे का पाहा. शेवटी नोझल आणि कंप्रेशन. पण ते मोठे काम, शेवटीच करावे.

हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे हे प्रकार काही ठिकाणी चालतात. हिटर असलेल्या इंजिनात असा फवारा आतच भडकून स्फोट होऊ शकतो. हे कधीही करू नये.

धूर नसेल तर डिझेलच्या वाटेने चला. गाडी पहाटे फार वेळ घेते, पण एकदा सुरू झाली की दिवसभर ठीक असते, हे बहुधा ‘हवा धरल्या’चे लक्षण आहे. कुठलीशी रबरी नळी चिरलेली किंवा क्लिप सैल असते. रात्रीतून तिथून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरते. पडताळा सोपा आहे. सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी फिल्टरजवळचा हातपंप कडक होईपर्यंत मारा. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर निदान पक्के झाले. आता नळ्या व क्लिपा तपासून बदला.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढा, शुद्ध डिझेल येईपर्यंत. टाकी रात्री निम्मी रिकामी ठेवली की आतल्या दमट हवेचे पाणी होते. म्हणून पावसाळ्यात टाकी शक्यतो भरलेली असावी.

२०१७ नंतरच्या बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांबाबत एक कडक सूचना. यांत पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. जुन्या गाडीप्रमाणे त्या नळीचा नट ढिला करून हवा काढू नका. तो फवारा कातडी भेदून मांसात शिरतो. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण तिच्यामुळे बोट किंवा हात कापावा लागण्याची वेळ येते. तसे झाल्यास दुखत नसले तरी त्याच क्षणी इस्पितळात जावे.

जिवाची काळजी

गाडीचा दोष उद्या निघेल. डोळा, फुप्फुस किंवा पाठ गेली तर परत मिळणार नाही. म्हणून पुढील नियम घरातल्या मुलांनाही शिकवा.

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो शेकडा ४ एवढा झाला तरी ठिणगीने भडकतो. बॅटरीजवळ विडी, काडी, कंदील नको. पाण्याची पातळी पाहायला काडी पेटवू नका, विजेरी घ्या.

आम्ल डोळ्यात उडाले तर ताबडतोब स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवा, पापणी उघडून धरा, आणि मग डॉक्टरकडे न्या. दूध, तूप, एरंडेल घालू नका. सोडा तर डोळ्यात मुळीच नको.

नळीने डिझेल तोंडाने ओढू नका. थोडेसे जरी फुप्फुसात गेले तरी जिवावरचा न्यूमोनिया होतो. कोणी गिळलेच तर उलटी करवू नका, कारण उलटीबरोबर ते श्वासनळीत शिरते. सरळ इस्पितळ गाठा.

बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवून बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डोके दुखणे, मळमळ, झोप येणे ही त्याची लक्षणे. दार उघडा, माणसाला बाहेर आणा.

धक्का मारताना उतारावर चाकाला उटी लावल्याशिवाय कोणी पुढे-मागे उभे राहू नये. हर्नियाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया व वयस्कर यांना धक्क्याला लावू नका.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करताना आधी दोन्ही १२ व्होल्टच्या आहेत याची खात्री करा, कारण मोठ्या ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते. अधिकला अधिक जोडा. चांगल्या बॅटरीच्या वजाची तार मात्र शेवटी, बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर जोडा.

जुनी बॅटरी घरी फोडू नका. तिचे शिसे मुलांच्या मेंदूला मारक आहे. ती दुकानदाराला परत द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य व्यवस्था लावण्याची जबाबदारी बॅटरी बनविणाऱ्यांवर आहे. बॅटरीचे काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावू नये.

शनिवारचा पाव तास

हे सारे टाळण्याचा उपाय फार मोठा नाही. दर शनिवारी संध्याकाळी पाव तास काढा. टर्मिनल हलवून पाहा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड पाणी घाला, विहिरीचे नव्हे. फिल्टरचे पाणी काढा. पट्टा दाबून पाहा. अर्थच्या वेणीवरची माती झाडा. महिन्यातून एकदा मीटर लावून आकडे घरच्या वहीत लिहून ठेवा. आकडा हळूहळू घसरताना दिसला, की बॅटरी संपत आल्याचे तुम्हांला आधीच कळेल, आणि ती बाजाराच्या पहाटे नव्हे, तर सवडीच्या दिवशी बदलता येईल.

दहा कुमारींचा दाखला आपणां सर्वांना ठाऊक आहे. दिवे दहाही जणींच्या हातात होते. फरक पडला तो फक्त आधी तेल पाहून ठेवण्याने. मध्यरात्री शेजारी दार ठोठावून ‘घरात दुखणे आहे, गाडी काढा’ म्हणेल, तेव्हा आपल्या गाडीने पहिल्या हाकेला ओ द्यावी. शनिवारचा तो पाव तास म्हणजे शेजाऱ्याच्या सेवेची तयारीच होय.

घरी करून पाहण्यासारखे

१. आपली गाडी सावकाश फिरते, की फिरते पण पेटत नाही? उद्या पहाटे ऐकून ठरवा.
२. इंजिनला जाणारी अर्थची वेणी कोठे आहे, ते मुलांना दाखवा.
३. डोळ्यात आम्ल उडाल्यास पहिली कृती कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला विचारा. उत्तर एकच असले पाहिजे: पाणी, आणि लगेच.